अक्का, तुझे ते चार दात

अक्का, परवा तुझं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर तुझ्या भावकीतले एक म्हातारे माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "साखर होती तिला. साखरेपुढं कुणाचं काय चालतंय बापू?" मी मान हलवली. तेरा दिवस मी हेच करत होतो. भेटायला आलेला माणूस साखरेचं नाव घ्यायचा, मी मान हलवायचो, आणि तो चहा पिऊन उठायचा. माझं काम भागत होतं. आज सकाळी लॅब उघडली, टेबलावर तीन तोंडांचे साचे येऊन पडलेत, आणि हात लावावासा वाटेना. म्हणून हे लिहायला बसलो. ज्या गोष्टीवर मी मान हलवली ती पुरती खरी नाही, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. दोघांपैकी आता मी एकटाच उरलोय.

तुझा भाऊ दात बनवतो, हे तू सगळ्यांना किती कौतुकानं सांगायचीस! "आमचा बापू धाराशिवला डॉक्टर हाय." मी म्हणायचो, अक्का, डॉक्टर नाही गं. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडं येतं, मी त्यावर कवळी करून परत पाठवतो. मी माणसाला बघतसुद्धा नाही. तू म्हणायचीस, "दात त्यो बनिवतो, मग डॉक्टर कोण?" खरं सांगू, मला ते ऐकायला बरं वाटायचं.

लहानपणचं आठवतं. माझे पुढचे दोन दात पडले होते आणि शेजारच्या मळ्यातून उसाची मोळी आली होती. मला काही सोलता येईना, मी रडायला लागलो. तू बांधावर बसून अख्खा ऊस दातांनी सोललास. सालं कडाकडा ओढून काढायचीस, आणि आतला गर तोडून माझ्या हातावर ठेवायचीस. तुझ्या ओठाला साल लागून रक्त आलं तरी थांबली नाहीस. तुझे दात तेव्हा असे पांढरे, घट्ट होते की आई म्हणायची, हिला दृष्ट लागेल. त्याच दातांना पुढं काय झालं ते मी इतकी वर्षं बघितलं नाही. रोज परक्यांच्या हिरड्या प्लास्टरमध्ये हातात घेणाऱ्या माणसानं आपल्या बहिणीच्या तोंडाकडं बघितलं नाही.

भूमकडं तुझं सासर. घरची खव्याची भट्टी. लग्न होऊन गेलीस आणि त्या कढईपुढं बसलीस ती बसलीसच. पहाटे दूध यायचं, ते ओतायचं, खाली जाळ, आणि हातात ढवळायचा तो लांब सराटा. दूध तळाला लागू द्यायचं नाही म्हणून हात थांबवायचा नाही. मी सुट्टीत यायचो तेव्हा कढईच्या कडेची खरवड काढून माझ्या ताटलीत टाकायचीस, थोडी स्वतःच्या तोंडात. खवा झाला का नाही ते तू जिभेवर ठेवून सांगायचीस. दाजी म्हणायचे, "हिनं व्हय म्हणल्याबिगर आमी कढई उतरवत न्हाय." दुपारी काम उरकलं की मिसरीची डबी निघायची. भिंतीला टेकून, डोळे मिटून, बोटानं हिरड्यांवर मिसरी घासत तू अर्धा तास बसायचीस. दिवसभरात तुझ्या वाट्याला तेवढीच विश्रांती होती. म्हणून तुला मिसरी सोड म्हणायचं सगळ्यांच्याच जिवावर यायचं. माझ्याही आलं.

साखर निघाली ती गावात तपासणीची गाडी आली होती तेव्हा. तू मला फोन करून भांडलीस, जसं काही मीच ती घातली होती. "म्या काय गोड खाती रं? खव्यात साखर असती का? पेढं तरी म्या कधी खाल्लं का? चहा तेवढा पिती." मी म्हणालो, गोड खाण्यानंच होते असं नाही. तू म्हणालीस, "मग कशानं हुती ते सांग." मला नीट सांगता आलं नाही. आपला तो वाद तिथंच राहिला. तू गोळी घ्यायचीस, पण आठवेल तेव्हा. अंगात बरं वाटलं की बंद.

आज तो वाद मला पुढं न्यायचाय, आणि तू समोर नाहीस.

ऐक. तुझे मागचे दात हलायला लागले असतील ते पाच-सहा वर्षांपूर्वी. तू कुणाला सांगितलं नाहीस. हलणारा दात बोटानं हलवून हलवून तूच काढायचीस आणि न्हाणीत चूळ भरून परत कढईपुढं बसायचीस, हे तुझ्या लेकीनं, मनीषानं, मला आता सांगितलं. दाढा गेल्या तशी भाकरी चावेना. आधी तू भाकरी आमटीत कुस्करून खायला लागलीस. मग काकडी, मुळा, शेंगदाणे, मटकीची उसळ ताटातून गेली. मग भाकरीच गेली. त्याच्या जागी काय आलं? दूध-भात. चहात बुडवलेली बिस्किटं. केळं. मऊ ब्रेड. कुणाला वाटलं वय झालं, कुणाला वाटलं भूक मेली. तू दिवसातून चार वेळा चहा-बिस्किट खायचीस आणि शपथेवर सांगायचीस की मी गोड खात नाही. खोटं बोलत नव्हतीस. तुझ्या लेखी बिस्किट हे खाणंच नव्हतं. चावता येत नाही म्हणून मऊ खायचं, मऊ खाल्लं की साखर चढायची, साखर चढली की हिरड्या आणखी सडायच्या, की आणखी एक दात हलायचा. मी या धंद्यात पंचवीस वर्षं आहे. हे मला कळायला हवं होतं. पण तू माझ्याशी बोलताना पदर तोंडाशी धरायचीस, आणि मी समजायचो, सासरी राहून लागलेली सवय.

पदर सुटला तो मनीषाच्या लग्नाच्या बस्त्याला. तुम्ही सगळे धाराशिवला आला होता. दुपारी माझ्या घरी जेवायला बसलो. तुझ्या भावजयीनं, सुनंदानं, तुझ्यासाठी मुद्दाम बाजरीची भाकरी आणि ठेचा केला होता. तू नुसता भात कालवत होतीस. दाजींनी काहीतरी थट्टा केली, साड्यांच्या दुकानातल्या माणसाची नक्कल केली, आणि तू पोटभर हसलीस. पदर खाली गेला. सुनंदाच्या हातातली पळी तशीच राहिली. वरचे पुढचे चार दात नव्हते. बाजूचे होते ते लांब झालेले, मुळं उघडी पडलेली, हिरडी लालभडक. तू पटकन पदर ओढलास आणि आमच्याकडं असं बघितलंस, जशी काही चोरी सापडली.

मी ताटावरून उठलो. त्याच दुपारी तुला आमच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते मला काम देतात, चांगला माणूस. त्यांनी हिरडी नुसती दाबली तर पू आला. त्यांनी बोट टोचून साखर बघितली, आणि यंत्रातला आकडा बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. तुला समोर बसवून ते म्हणाले, "मावशी, तोंडातली ही सूज तुमची साखर खाली येऊ देत नाही, आणि साखर ही सूज बरी होऊ देत नाही. दोन्ही एकमेकींना धरून आहेत. आधी साखर आणू, हिरड्या साफ करू, आत दोन मुळं तुटून राहिलीत ती काढू. जखम भरू दे. मग दात."

"किती दिस लागतील?" तू विचारलंस.

"तीन महिने तरी."

लग्नाला बावीस दिवस होते.

स्टँडवर भूमच्या गाडीची वाट बघत आपण बसलो होतो. दाजी आणि मनीषा पिशव्यांपाशी.  तू म्हणालीस, "बापू, विहिणीपुढं म्या तोंडावर पदर धरून किती येळ उभी ऱ्हाऊ? फोटू काढतील. पोरगी जन्मभर ते फोटू बघंल. आई अशी." मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय ना. तू म्हणालीस, "त्यांनी सांगितलंय. त्यांची पोरगी न्हाय." आणि मग, माझ्याकडं न बघता, "तुला येतंय की सगळं."

अक्का, मी तिथं 'नाही' म्हणायला हवं होतं. एवढंच एक काम होतं माझ्याकडं. गाडी आली तेव्हा दाजींनी वर चढवलेली तुझी पिशवी मी परत खाली उतरवली आणि त्यांना म्हणालो, अक्का दोन दिवस राहू दे माझ्याकडं.

माप घेणं हे माझं काम नाही. माणसाच्या तोंडात हात घालायचा मला अधिकार नाही. मी लॅबचं दार लावून घेतलं आणि तुझं माप घेतलं. ती दोन मुळं मला दिसली. डावीकडचं तर बोटाला लागलं, तू डोळे घट्ट मिटलेस पण हूं की चूं केलं नाहीस. मी मनात म्हणालो, लग्न होऊ दे, मग सगळं नीट करू. आणि त्या मुळांवरूनच प्लेट, दात बसवायची ती टाळूची पट्टी, ओढली. चार दात लावले. आकार कसा घ्यायचा म्हणून तुझ्या लग्नाचा जुना फोटो काढला आणि भिंग लावून बसलो. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठलंही काम केलं नाही. डावीकडचा दात तुझा किंचित वळलेला होता, तसाच वळवला.

दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडात बसवली आणि आरसा हातात दिला.  तू ओठ फाकवलेस, मिटलेस, पुन्हा फाकवलेस. "आईवाणी दिसती का रं म्या?" म्हणालीस. दिसत होतीस. मी तुला सांगितलं, झोपताना काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची. दुखलं की लगेच मला फोन करायचा. तू मान डोलावलीस, पण लक्ष आरशात होतं.

लग्नात तू पदर खांद्यावर टाकून हिंडत होतीस. नाव घ्यायचा आग्रह झाला तर आढेवेढे न घेता खणखणीत आवाजात घेतलंस, आणि दाजी लाजले. विहिणीशी बोलताना हसत होतीस. मी एका खांबाला टेकून बघत होतो.  मी केलंय ते, मी केलंय, असं मनात चाललं होतं. त्या दिवसाबद्दल मला आजही पश्चात्ताप होत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळतं.

लग्नानंतर मी फोन केला. "कशी बसतीय?" "लई झ्याक." आठ दिवसांनी पुन्हा. "दुखतं का?" "काय बी न्हाय." डॉक्टरांकडं कधी यायचं विचारलं तर म्हणालीस, "आता दात आल्यात की. आता डॉक्टर कशापायी?" मी तुला समजावलं, दात वेगळे, हिरडी वेगळी, मुळं आत आहेत. तू म्हणालीस, दिवाळीचा खवा उरकू दे. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. कामं आली होती माझ्याकडंही. पण काम हे निमित्त. मला वाटलं असावं, की बोलतीय, हसतीय, बरी असेल. तुझ्या तोंडात दात दिसत होते म्हणून आजार दिसत नव्हता. तुला दिसत नव्हता, दाजींना दिसत नव्हता. ज्यानं तो झाकला त्यालाही दिसेना.

गोळ्या तू लग्नाच्या गडबडीत सोडल्या होत्यास. पुन्हा सुरूच केल्या नाहीस.

दाजींचा फोन आला तो सोमवारी सकाळी. "बापू, हिचा गाल सुजून डोळा मिटलाय. ताप हाय. काय बोलंना." मी विचारलं कधीपासून. "परवापसनं." भूमला दाखवलं, तिथून बार्शीला नेलं, बार्शीहून सोलापूरला पाठवलं. मी थेट सोलापूरला पोचलो. तू खाटेवर होतीस, अर्धा चेहरा ओळखू येत नव्हता. मला बघून तू पदर चाचपलास. अंगात दवाखान्याचा गाऊन होता, त्याला पदर कुठला? मग तू हातानंच तोंड झाकलंस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडात प्लेट आहे, निघत नाहीये, सुजेत अडकलीय. मी म्हणालो, मी काढतो. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, भाऊ. एवढंच म्हणालो. कशी सुटते ती मला माहीत होतं, मी सोडवली. खाली जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. आत कापसाचा एक बोळा होता, लवंगेच्या तेलात भिजवलेला. तू माझ्याकडं उघड्या डोळ्यानं बघत होतीस. रागानं नाही. तुला वाटत होतं मला वाईट वाटेल. तू माझ्या मनगटावर दोनदा थोपटलंस.

चार दिवस तू होतीस. साखर काही केल्या खाली येईना, सूज उतरेना, मग विष रक्तात गेलं म्हणाले. शुक्रवारी दुपारी, मी खाली औषधं आणायला गेलो होतो तेवढ्यात गेलीस.

कापसाचं मला मनीषानं सांगितलं, दहाव्याच्या दिवशी. लग्नानंतर ती चार दिवस माहेरी आली तेव्हाच तू कापूस लावत होतीस. ती म्हणाली, मामाला फोन करते. तू तिचा फोन काढून घेतलास. "मामाला सांगू नगंस. त्यानं दोन दिस बसून केलंय. त्याला लागंल." ती रडत रडत सांगत होती आणि माझी क्षमा मागत होती. तीच माझी क्षमा मागत होती, अक्का.

मी आमच्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावतील, मला पुन्हा काम देणार नाहीत, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एकट्या त्या प्लेटनं नाही झालं. साखर होती, मुळं होती, वर्षानुवर्षांचं होतं. प्लेट नसती तरी झालं असतं कदाचित. पण प्लेट नसती तर त्या कदाचित परत आल्या असत्या." कदाचित. दोन्हीकडं कदाचित. मी रोज या दोन शब्दांच्या मध्ये उठतो.

तुझ्यावर मला रागही येतो, हे सांगून टाकतो. तू मला बोलायला हवं होतंस. लहानपणी माझा गणिताचा पेपर तू सगळ्या घरापुढं वाचून दाखवला होतास, तेव्हा माझी लाज राखली नाहीस. मग आताच कशाला राखलीस? "बापू, तुझं काम बिघडलंय" एवढं म्हणाली असतीस. मी ते शिवी समजून ऐकून घेतलं असतं. माझं मन सांभाळायला तुला कुणी सांगितलं होतं?

परवा, सगळे गेल्यावर, दाजी भट्टीपाशी एकटे बसले होते. भट्टी थंडच आहे अजून. मी त्यांच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर तीन महिने म्हणाले होते ते, ती मुळं मला दिसली होती ते, दार लावून माप घेतलं ते. दाजींना आधी यातलं निम्मंच माहीत होतं. ते ऐकत राहिले. हातातली काटकी मोडून तिचे तुकडे केले. मला वाटलं आता उठतील आणि मला घरातून जायला सांगतील. मी तयार होतो.

ते म्हणाले, "म्या तिच्या ताटात रोज बघत हुतो. भाकरी कधी गेली ते मला सांगता याचं न्हाय. एका ताटाशेजारी बसून जेवलो की रं आमी." थोड्या वेळानं म्हणाले, "तुला नंतर बोलीन बापू. आत्ता मला बोलता येत न्हाय." आणि गालावर हात दाबून धरला.

मी विचारलं, काय होतंय. म्हणाले, दाढ ठणकतीय, पंधरा-वीस दिवस झाले, या सगळ्यात कुणाला सांगायचं. मग तोंड उघडून माझ्यापुढं धरलं. "तूच बघ की."

मी बघितलं नाही. म्हणालो, "मी बघत न्हाय दाजी. उद्या माझ्याबरोबर धाराशिवला चला."

काल सकाळच्या गाडीनं आम्ही आलो. वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण माझ्या शेजारच्याच सीटवर बसले. आमच्या डॉक्टरांकडं नेलं. मी दाराशी उभा राहिलो, आत हात घातला नाही. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, रोज काय काय खाता ते एक एक करून विचारलं, मग कागद पुढं ओढून लिहायला लागले. वय. तंबाखू. औषधं. मग मान वर न करता विचारलं, "घरात कुणाला साखर आहे?"

दाजी म्हणाले, "हाय. आमच्या मंडळीला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, अक्का. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.